हा आमचा कुमार नव्हे



या खेपेला विहिरीच्या पाण्यावर लिहायचं मनात होतं. पण एका पत्राने बेत बदलायला लावला. पत्र माणदेशातल्या एका शेतकरी वाचकाचं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून देत नाही. चार पानी पत्र आहे आणि चारही पानं रागाने लिहिलेली आहेत. त्यांच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो. शेजारच्या गावचे एक बुवा वीस-बावीस वर्षं तिथं भजनाला येतात. त्यांच्या अभंगासाठी हे गृहस्थ रात्रीची पाण्याची पाळी दुसऱ्यावर सोपवून मांडवात पुढे जाऊन बसत. यंदा बुवा आले ते कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन. चाली सिनेमाच्या, आवाज छातीत धडधड करणारा. आमचे वाचक दुसऱ्याच अभंगाला उठले आणि अंधारात बांधावर जाऊन बसले. ते लिहितात, ‘घरचं माणूस परक्यासारखं वागावं तसं झालं. आता तुम्हीच सांगा, आम्ही रागवायचं की नाही?’

या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही. कारण अशीच एक नाराजी आमच्या घरात पंचवीस वर्षं मुक्कामाला होती. तिचीच गोष्ट सांगतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. घरी ऊस, हळद आणि पोटापुरता शाळू. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. शाळा चौथीपर्यंत, पण कान मोठा तयार. आमच्या भागाला तो वारसाच म्हणा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं होतं, आणि त्यांच्या तबकड्या बाजाराच्या दिवशी दुकानातून वाजत. अण्णा गुळाची गाडी मोकळी करून दुकानाच्या पायरीवर बसून त्या ऐकत. पुढे कुणी गाण्याची गोष्ट काढली की अण्णांची एक गोष्ट ठरलेली असे. १९३५ च्या सुमारास, चौदा वर्षांचे असताना, ते मामांबरोबर बेळगावकडे गेले होते. तिथं त्यांनी एका पोराचं गाणं ऐकलं. पोरगं दहा-अकरा वर्षांचं, डोक्यावर टोपी, अंगात कोट. त्याने खाँसाहेबांची तबकडी जशीच्या तशी गाऊन दाखवली. अण्णा म्हणत, ‘डोळे मिटले तर आत खाँसाहेब बसलेत असं वाटायचं. डोळे उघडले तर पोरगं!’

ते पोरगं म्हणजे कुमार गंधर्व. खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा जन्म, तारीख ८ एप्रिल १९२४. घरची भाषा कानडी. सहा-सात वर्षांचा असताना एकाएकी गाऊ लागला, आणि एका मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ हे नाव दिलं. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या एकदा ऐकाव्यात आणि हुबेहूब गाव्यात, अशी त्या पोराची करामत. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला तेव्हा मातब्बर गवई आणि दर्दी थक्क झाले होते. पुढे तिथंच प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या गायनशाळेत तो शिकला, मोठा झाला आणि शिकवूही लागला.

अण्णांना यातलं पुढचं फारसं ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी कुमार त्या रात्रीच्या बैठकीवरच बसलेला होता. वयाने आपल्यापेक्षा थोडा लहान, आपल्याच मुलखाच्या बाजूचा, म्हणून ‘आमचा कुमार’. नात्यातला असल्यासारखं बोलत.

१९६६ साली हळदीला बरा भाव आला आणि घरात ट्रान्झिस्टर आला. पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत तेव्हाची गोष्ट. दिवसा सांगली केंद्रावर शेतीचे कार्यक्रम, आणि शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. एका शनिवारी कुमार गंधर्वांचं गाणं आहे असं कळलं. अण्णांना कोण आनंद! शेजारचे तात्या आणि आणखी दोघं-तिघं ओसरीवर बोलावले. आईकडून चहा मागवला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. घोंगडीच्या टोकाला बसलो होतो.

गाणं सुरू झालं. तंबोरे असे जुळलेले की ओसरी भरून गेली. मग एक सूर आला आणि थांबला. मग एक लहानसा तुकडा, आणि पुन्हा थांबला. मध्ये नुसते तंबोरे. मग एकदम वरचा सूर, वीज चमकावी तसा, आणि पुन्हा शांत.

तात्या म्हणाले, ‘सेल उतरलेत वाटतं.’

अण्णांनी ट्रान्झिस्टर हलवून पाहिला, बटण थोडं इकडे-तिकडे केलं. सेल गेल्याच बाजारी आणलेले होते. पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांनी कळ काढली. मग तात्या उठले, ‘सकाळी लवकर मोळ्या बांधायच्यात,’ असं काहीसं पुटपुटत गेले. बाकीचेही गेले. अण्णांनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि म्हणाले, ‘हा आमचा कुमार नव्हे.’

मला त्यांचं तोंड आठवतं. राग कमी होता आणि लाजच जास्त होती. तीस वर्षं ज्याचं कौतुक चार माणसांत सांगितलं, त्याने चार माणसांतच खाली पाहायला लावलं. अण्णा मोटेचे जाणकार. ते म्हणत, खरं गाणं मोटेसारखं असावं. बैल धावेवरून शांतपणे उतरतात, नाडा लांबत जातो, मोट भरून वर येते आणि सगळं पाणी एकदम थारोळ्यात. ‘याची मोट भरली का नाही कळायच्या आत रिकामी!’ त्याच दिवसांत शाळूच्या जोडीला हायब्रीड जोंधळा आमच्याकडे येऊ लागला होता. पीक उदंड, पण भाकरी खाताना म्हातारी माणसं नाक मुरडायची. अण्णांनी गाण्यालाही तेच नाव ठेवलं. कुमारचं नाव निघालं की म्हणत, ‘हायब्रीड झालं आता ते.’

बोलणं गावरान होतं, पण तक्रार खोटी नव्हती हो. मोठमोठे जाणकारही त्या काळी हेच म्हणत, फक्त त्यांची भाषा वेगळी. विलंबित लयीतला भारदस्त ख्याल कुठे गेला? एका दमात चढत जाणारी आलापी कुठे गेली? घराण्याची शिस्त कुठे आहे? ज्या कुमाराने लहानपणी सगळ्या घराण्यांचे गवई गळ्यात बसवले होते, तो आता कुणासारखंच गात नव्हता. पुढे त्याने बालगंधर्वांची पदं स्वतःच्या रीतीने गायचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा बालगंधर्वांच्या भक्तांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला मात्र ते नाव फार प्रामाणिक वाटतं. मला उमजले तसे, एवढंच त्याचं म्हणणं.

हे दुखणं काही एकट्या आमच्या ओसरीवरचं नव्हतं. शहरात शिकणारा माझा पुतण्या एकदा मला अमेरिकेतल्या बॉब डिलनची गोष्ट सांगत होता. हा गाणारा हातात साधी लाकडी गिटार, गळ्यात अडकवलेला तोंडाचा बाजा, एवढ्यावर गोरगरिबांच्या हालअपेष्टांची गाणी म्हणे. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्ट गावच्या लोकगीतांच्या मेळ्यात तो विजेची गिटार आणि साथीदारांचा ताफा घेऊन उभा राहिला, तर त्याच्याच माणसांनी हुर्यो केली. कुणी म्हणतं आवाज फुटत होता म्हणून, कुणी म्हणतं तीनच गाणी झाली म्हणून. पण राग होता हे नक्की. पुढच्या वर्षी इंग्लंडात मँचेस्टरला तर भर सभागृहात एकाने त्याला ‘जुडास’ म्हणून हाक मारली. जुडास म्हणजे येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य. नुसती विजेची गिटार धरली तर एवढी मोठी शिवी! माणूस परक्याला अशी शिवी देत नाही. त्याच डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं. असो.

आता आमच्या घरी परत येऊ.

त्या शनिवारनंतर दोन-तीन वर्षांनी एका दुपारी आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ट्रान्झिस्टर कोनाड्यात चालू होता. कुठल्यातरी केंद्रावर माळव्याची लोकगीतं लागली होती. गाणारा पुरुष, चाल तीन-चार सुरांची, पुन्हा पुन्हा फिरणारी. आई गाण्यातली जाणकार वगैरे नव्हती. शब्दही तिला परके. पण तिचा हात थांबला. बहिणीला म्हणाली, ‘कोण गं हा बाबा? जात्यावर बसल्यासारखा म्हणतोय.’ भाकरी करपली आणि तव्यावरून उतरवायची तशी राहिली. पुढे निवेदकाने नाव सांगितलं, कुमार गंधर्व. अण्णा सोप्यात पानावर बसलेले. त्यांनी ते ऐकलं, पण बोलले नाहीत. करपलेली भाकरी निमूटपणे खाल्ली, हेही माझ्या लक्षात आहे, कारण एरवी त्यांनी ती खाल्ली नसती.

आई बरोबर बोलली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. १९७४ साली मी कोल्हापुरात कॉलेजला होतो. आमच्या एका सरांकडे ग्रामोफोन होता. रविवारी चार मुलं जमून ऐकत असू. मी त्यांना आमच्या अण्णांची तक्रार सांगितली. सर हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, ‘तुझ्या वडिलांना ठाऊक आहे का तो पाच-सहा वर्षं गायलाच नव्हता ते?’

मग त्यांनी सांगितलं ते असं. १९४७ साली कुमारांचं भानुमतीबाईंशी लग्न झालं. बाई स्वतः देवधरांच्या शाळेतल्या, गाणाऱ्या. त्याच सुमारास कुमारांना क्षय झाल्याचं निघालं. क्षयाला कोरडी हवा मानवते, म्हणून १९४८ च्या सुरुवातीला दोघं माळव्यात, देवासला राहायला गेले. देवास म्हणजे पवारांचं जुनं संस्थान, मराठी घरं पुष्कळ. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. चोवीस वर्षांचा तरुण, अख्ख्या देशात नाव झालेला, आणि त्याला गुणगुणायची मनाई. अंथरुणावर पडून राहायचं. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली आणि घर चालवलं, आजारी नवऱ्याची सेवा केली. त्या काळात क्षय झालेल्या घरात पाणी प्यायलाही माणसं कचरत, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

पडल्यापडल्या कानाला काम तर नाही, मग कान खिडकीबाहेर जाऊ लागला. देवासची टेकडी, तिथं देवीला जाणाऱ्या बाया, त्यांची गाणी. लग्नाची, पावसाची, सणावाराची. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी आणि त्यांची निर्गुणी भजनं. शीलनाथ महाराजांची धुनी देवासातलीच. यात कुणी उस्ताद नव्हता. शेतात राबणाऱ्या, दळणारी, लेकरू निजवणारी ही माणसं. कुमारांनी ही गाणी मन लावून ऐकली, बरं वाटू लागल्यावर गोळा केली, लिहून काढली. आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण ज्याला राग म्हणतो त्याचं बी इथं आहे. तीन-चार सुरांच्या त्या धुनेत अख्खा राग दडलेला असतो, फक्त कुणी वाढवलेला नसतो. त्यातून त्यांनी नवे राग उभे केले. त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी अशी त्यांची नावं. १९६५ साली ‘अनुपरागविलास’ हे त्यांच्या बंदिशींचं पुस्तक निघालं, त्यात यातलं पुष्कळ आहे.

तर वाचकहो, आईने चुलीपाशी जे ओळखलं ते हे. आपल्या घरातलं, बायाबापड्यांचं गाणं मोठ्या बैठकीवर जाऊन बसलं होतं. आणि आम्ही शेतकरीच, तो आमचा नव्हे म्हणून ट्रान्झिस्टर बंद करत होतो.

क्षयातून कुमार उठले ते स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने. ते औषध तेव्हा नवं होतं, आपल्या देशात नुकतंच येऊ लागलं होतं. जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा बैठकीला बसले तेव्हा पूर्वीसारखा लांब दम कुठून आणणार? म्हणून आहे त्या दमात बसेल असे सूर, तुकडे, मध्ये तंबोऱ्यांना बोलू देणं. विलंबितापेक्षा मध्यलयीकडे ओढा. आमच्या तात्यांना जे उतरलेले सेल वाटले ते हेच.

पण सरांनी मला लगेच टोकलंही. सगळं फुप्फुसामुळेच झालं असं समजू नकोस, म्हणाले. आजारापूर्वीच देवधरांकडे असताना त्या मुलाला नकलेचा कंटाळा येऊ लागला होता. मी कुणासारखं गातो हे सगळे सांगतात, मग माझं काय, हा प्रश्न त्याला आधीच पडला होता. आजाराने त्याला थांबवलं आणि विचार करायला वेळ दिला. धडधाकट राहिला असता तरी तो बदललाच असता, कदाचित वेगळ्या वाटेने. हे मला आजही पटतं. दया येऊन काही गाणं आवडत नसतं, आणि गाणाऱ्यालाही ती दया नको असते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो. रात्री उसाला पाणी होतं. इंजिन चालू करून अण्णा आणि मी बांधावर बसलो होतो. मी त्यांना हे सगळं सांगितलं. क्षयाचं नाव काढताना माझी जीभ जरा अडखळली.

कारण आमच्या घरात ते नाव कुणी काढत नसे. अण्णांचा धाकटा भाऊ, माझा काका, १९४६ साली क्षयाने गेला. एकोणीस वर्षांचा होता. शेवटचे महिने त्याला मळ्यातल्या खोपटात ठेवलं होतं. अण्णा दोन्ही वेळचं जेवण घेऊन जात. त्याचाही गळा गोड होता असं आजी सांगायची. मी तर त्याला पाहिलंही नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवून आले. मग विचारलं, ‘आपल्या धाकट्याच्या वेळी हे औषध नव्हतं?’

मी म्हणालो, ‘निघालं होतं अण्णा, अमेरिकेत. आपल्याकडे पोचलं नव्हतं.’

‘दोन वर्षं,’ एवढंच ते म्हणाले. काका आणि कुमार यांच्यामधलं अंतर त्यांनी मनात मोजलं असावं. नंतर इंजिन बंद करायला उठताना म्हणाले, ‘तुटक तर तुटक.’

या औषधाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली, अण्णा गेल्यानंतर. ऐकलं असतं तर त्यांना फार आवडलं असतं. हे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, शेतकी कॉलेजाच्या प्रयोगशाळेत निघालं. वाक्समन नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ हा विद्यार्थी मातीतले जंतू तपासत होता. शेतकऱ्याच्या घरचंच पोर ते. ज्या जंतूपासून औषध निघालं तो त्याला दोन ठिकाणी सापडला: एका कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात, आणि भरपूर शेणखत घातलेल्या रानाच्या मातीत. वाक्समन यांना १९५२ साली नोबेल मिळालं. शॅट्झला त्यात वाटा मिळाला नाही. औषधाच्या श्रेयावरून पुष्कळ वाद झाले, कोर्टबाजीही झाली. ते राहू द्या. पण खताच्या मातीतून औषध निघावं, त्याने गवई जगावा आणि त्याने शेतातल्या बायांची गाणी गावीत, हे ऐकून अण्णा नक्की म्हणाले असते, ‘बघ, आपल्या शेणखताला कमी लेखू नकोस.’

आता तुम्हाला वाटेल, अण्णांना त्यानंतर कुमारांचं गाणं आवडू लागलं. तसं झालं नाही. खरं तेच सांगतो. त्यांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. मोटेची उपमा त्यांनी सोडली नाही, मोट जाऊन पंप आले तरी. त्यांना हवा होता तो १९३५ चा पोरगा, आणि त्याबरोबर चौदा वर्षांचे अण्णा, मामांची बैलगाडी, परत येताना वाटेत खाल्लेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, घरी वाट पाहणारा आठ वर्षांचा धाकटा भाऊ. एवढं सगळं कुठला गवई परत देणार? आणि ते मागणाऱ्याला वेडा तरी कसं म्हणायचं? आवडता गाणारा बदलतो तेव्हा आपलं काहीतरी खरोखरच जातं. शेजारी म्हणतात, गाणंच तर आहे. त्यांना कळत नाही.

फरक पडला तो एवढाच, की रेडिओवर कुमारांचं गाणं लागलं तर अण्णा बंद करत नसत. ऐकत बसत. मध्येच मान हलवत, पण ती नापसंतीची. कधीकधी तुकडा संपून नुसते तंबोरे राहिले की अण्णाही दम धरून थांबत, हे मी पाहिलंय. पुढचा सूर आला की त्यांचा श्वास सुटे. जणू तो सूर येईल की नाही याची काळजी त्यांनाच.

१९६१ साली भानुमतीबाई बाळंतपणात गेल्या, हे मी त्यांना सांगितलं होतं. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधराबाईंशी लग्न केलं आणि त्या जन्मभर त्यांच्या साथीला गायला बसल्या. १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण. अण्णा या बातम्या वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवत, आणि वाचून झाल्यावर ‘आमच्याकडचा आहे’ म्हणत. गाणं आमचं नव्हे, पण माणूस आमचा, असा तो हिशोब होता.

१२ जानेवारी १९९२ ला कुमार देवासला वारले. त्यानंतर रेडिओवर त्यांची ध्वनिमुद्रणं लागली. मळणीचे दिवस नव्हते, हुरड्याचे होते. अण्णा सत्तरी ओलांडलेले, सोप्यात शेकोटीजवळ बसलेले. निर्गुणी भजन चाललं होतं. आतून आई म्हणाली, ‘अहो, जरा आवाज मोठा करा की.’ अण्णांनी मोठा केला. आई दारात येऊन उभी राहिली. भजन संपलं तरी दोघंही तशीच होती, मग बातम्या लागल्या.

तर माणदेशच्या आमच्या मित्रा, तुमच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंच.

तुम्ही रागावलात ते बरोबर केलंत. गाणारे नेहमी आजारातून उठून किंवा मनन करून बदलतात असं मुळीच नाही. बिदागी वाढावी म्हणून बदलणारे आहेत, लाउडस्पीकरवाल्याच्या सांगण्यावरून बदलणारे आहेत, आणि पोरं नाचत नाहीत म्हणून बदलणारेही आहेत. मांडवातल्या त्या धडधडीत अभंगाचे शब्द कुठे जातात असं मलाही वाटतं. तुमचे बुवा यातले असतील तर तुम्ही बांधावर जाऊन बसलात तेच योग्य.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या पानावर मागच्या बाजूला, समासात, तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिली आहे. बुवांच्या साथीला वीस वर्षं पखवाज वाजवणारे म्हातारे दोन वर्षांपूर्वी वारले, आणि बुवा त्यांच्या मातीला शेवटपर्यंत उभे होते. त्यानंतर तुम्ही परत ऑक्टोपॅडवर घसरला आहात.

त्यांच्या जागी पखवाजाला कुणी बसायला तयार झालं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांच्या गावात किंवा तुमच्या गावात कुणा पोराने गेल्या दहा वर्षांत पखवाज शिकायला घेतला का, तेही नाही. पुढच्या एकादशीला सवड काढून बुवांच्या घरी जाऊन या. मांडवात विचारू नका, घरीच विचारा. आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. या वेळी दोन पानं पुरतील.